ट्रेमधला झेंडू चौथ्या दिवशी मान टाकतो, आणि दर वेळी टाकतो

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. कुंडीत छान वाढलेला जाफरी झेंडू काढला, मुळं छाटली, बोन्साय करायला पसरट ट्रेमध्ये बसवला, पाणी दिलं. पहिला दिवस टवटवीत. दुसऱ्या दिवशी दुपारी पानं जरा मऊ. तिसऱ्या दिवशी दुपारी मान खाली, संध्याकाळी पुन्हा वर, आपण खूश. चौथ्या दिवशी खाली गेलेली मान वर येतच नाही. माती बोट घालून पाहावी तर ओली. ओली आहे हे दिसत असूनही जीव राहत नाही, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. आठवड्याच्या आत खोड मातीलगत काळं पडतं आणि झाड अलगद हातात येतं.

तेरडा, झिनिया, कोंबडा यांचंही थोड्याफार फरकाने असंच होतं. फक्त तेरडा नाटक जास्त करतो.

मी अमळनेरला राहते. गच्ची पश्चिमेला उघडी, पाणी बोअरचं आणि जड, माती आपली खानदेशी काळी, जिच्यात कापूस सोन्यासारखा येतो. दोन पावसाळ्यांत असे सात झेंडू मी घालवले. सातवा गेला तेव्हा सासूबाई जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या, "त्याले जगू दे ना वं माय!" त्यांची समजूत अशी की झाड बुटकं राहावं म्हणून मी त्याला उपाशी मारते. रागच आला होता, पण अर्धं खरं होतं ते.

हंगामी फुलझाडांचं बोन्साय कशाला, असं विचारणारे बरेच भेटतात. वड-पिंपळाच्या बोन्सायला घाट यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. झेंडूला चार महिने पुरतात. करंगळीएवढं खोड, तीन-चार फांद्या, वर लहान लहान फुलांचा छत्रीसारखा घेर, आणि दसऱ्याला ते भांडं उचलून बैठकीत आणून ठेवायचं. जुने बोन्सायवाले याला बोन्साय म्हणत नाहीत; खोडाला साल नाही, वय नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं खरं असेल. पण 'बोन्साय' या जपानी शब्दाचा अर्थच मुळात 'पसरट भांड्यातली लागवड' एवढा आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही.

मात्र त्यांच्या पुस्तकातली कृती जशीच्या तशी झेंडूवर चालवली, तिथे माझं चुकलं. वडाची मुळं छाटली आणि त्याला सावरायला दोन महिने लागले तर काही बिघडत नाही, पुढे पन्नास वर्षं पडली आहेत. झेंडूचे दोन महिने म्हणजे त्याचा अर्धा जन्म. हे लक्षात यायला मला सात झाडं लागली.

आधी पहाटे उठून बघा

दुपारी दोन वाजता झाडाची तपासणी करू नका. आपल्याकडे ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा दुपारी निरोगी झेंडू मलूल दिसतो. पानांतून पाणी उडतं तेवढं मुळांना ओढता येत नाही, एवढंच. ऊन उतरलं की तो आपोआप सावरतो. अशा झाडाला दुपारी पाणी घातलं तर ते पाणी त्याच्या कामाचं नसतं, फक्त माती चिखल होते.

खरी तपासणी सकाळी सहाची. रात्रभर गारवा मिळूनही सकाळी मान खाली असेल तर दुखणं मुळांशी आहे. मग बोट मातीत दोन पेरं घाला. कोरडी लागली तर तहान. ट्रे पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा झाड उठतं. ओली लागली तर पाणी पूर्ण बंद, ट्रे सावलीत, आणि एखादं मूळ उकरून बघा. जिवंत मूळ पांढरं, करकरीत असतं. कुजलेलं तपकिरी असतं, आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते, आत नुसता दोरा उरतो. माझ्या सातही झाडांचे असे दोरे निघाले.

एक वेगळी शक्यता इथेच निकालात काढून टाका. झाड एकदम, एका दिवसात, हिरवंच्या हिरवं कोलमडलं असेल आणि मुळं चांगली पांढरी दिसत असतील, तर खोडाचा तुकडा तिरपा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरा. पाचेक मिनिटांत कापापासून दुधासारखी धार खाली उतरताना दिसली तर तो जिवाणूंचा मर रोग. टोमॅटो, वांगी, मिरचीवाले शेतकरी याला चांगले ओळखतात, झेंडूलाही तो होतो. त्याला औषध शोधत बसू नका. झाड आणि माती दोन्ही टाकून द्या, ट्रे घासून आठ दिवस उन्हात ठेवा. माझ्याकडे हा निघाला नाही. मी मात्र त्याच्या नावाने बुरशीनाशकाच्या दोन पुड्या आणून संपवल्या होत्या. बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही हे दुकानदाराने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

पसरट भांडं लवकर सुकतं, हे अर्धंच खरं

सगळे सांगतात, ट्रे उथळ आहे, रोज दोनदा पाणी घाला. आपल्याला पटतंही. पण स्वयंपाकघरातला स्पंज पाण्यात बुडवून बाहेर काढा आणि आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी धो धो गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली.

कुंडीतही हेच चालतं. पाणी निथळून गेलं तरी तळाशी चिंब मातीचा एक थर राहतोच, आणि त्याची जाडी भांड्याच्या उंचीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. समजा तुमच्या मातीत हा थर तीन बोटांचा राहतो. वीतभर खोल कुंडीत झाडाच्या मुळांना वर निवांत जागा उरते. चार बोटं उंचीच्या ट्रेमध्ये एक बोट कोरडं आणि बाकी सगळं डबकं. वरून माती सुकलेली, भेगाळलेली दिसते, म्हणून आपण पाणी घालतो. खाली मुळं बुडालेली असतात.

आता यात आपली काळी माती घाला. कण अगदी बारीक, पाणी मिळालं की फुगते, सुकली की आक्रसते. शेतात याच गुणामुळे ती पावसाचं पाणी महिनोन्‌महिने धरून ठेवते आणि कोरडवाहू कापूस तरून जातो. ट्रेमध्ये तोच गुण जिवावर उठतो. ओली असताना मुळांना हवा नाही, सुकताना भेग पडते आणि भेगेबरोबर नाजूक मुळं तुटतात. झेंडूची नुकती छाटलेली मुळं या दोन्हीत सापडली की चौथा दिवस उजाडायचाच.

उपाय साधा आहे, फक्त कष्टाचा. घराच्या बांधकामावरच्या फुटक्या विटा फोडून चाळा. ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे ठेवा, बारीक भुकटी फेकून द्या. भुकटी ठेवलीत तर सगळी मेहनत वाया, कारण तीच भोकं बुजवते. विटांचे तुकडे दोन वाट्या, चाळलेलं गांडूळखत एक वाटी, भिजवून पिळलेलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटी. कोकोपीट नसेल तर पूर्ण कुजलेलं शेणखत चाळून घ्या, पण पूर्ण कुजलेलं. काळी माती हवीच असेल, मन मानत नसेल, तर मूठभर. मी अजून मूठभर घालते.

भरल्यावर ट्रेमध्ये पाणी ओता. ते लगेच खाली पळालं पाहिजे, वर तळं साचता कामा नये. पाणी देऊन झालं की ट्रेची एक बाजू विटेवर टेकवून पाच मिनिटं तिरपी ठेवा. स्पंज उभा केल्यासारखंच होतं, अडून राहिलेलं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून निघून जातं. माझ्या मते या सगळ्या लेखातली सर्वात फुकट आणि सर्वात उपयोगी गोष्ट हीच.

ट्रेबद्दल एक सांगायचं राहिलं. मी पैसे खर्चून आणलेले सिमेंटचे आणि प्लॅस्टिकचे ट्रे सोडून दिले. घरात एक तडा गेलेलं खापर पडून होतं, पुरणपोळ्यांचं. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्यावर शेवटची पोळी टाकली तेव्हाच ते चुलीवर तडकलं होतं. पोळीसाठी ते पालथं असतं, उलटं केलं की उथळ, रुंद, भाजलेल्या मातीचं भांडं तयार. रात्रभर पाण्यात भिजवून, ड्रिलचा ठोका बंद ठेवून, दगडी कामाच्या पात्याने सावकाश चार भोकं पाडली. एक खापर फुटलं, दुसरं जमलं. भाजकी माती माठासारखी पाझरते आणि स्वतःला गार ठेवते. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा गच्चीच्या फरशीवर ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेला हात लावून बघा, मुळांना काय वाटत असेल ते कळेल. भांडं कोणतंही असो, फरशीवर थेट ठेवू नका. खाली दोन विटा आणि ओलं गोणपाट. आणि गच्चीवरच्या टाकीच्या पाइपातलं दुपारचं पाणी झाडाला देऊ नका, ते चहाला चालेल इतकं गरम असतं.

चार झाडं, एक संध्याकाळ

माती बदलल्यावर सगळं ठीक होईल असं वाटलं होतं. झालं नाही. म्हणून तिसऱ्या पावसाळ्यात, जुलैमधल्या एका ढगाळ संध्याकाळी, एकाच वाफ्यातल्या एकाच वयाच्या झेंडूंवर प्रयोग केला. पहिलं झाड उपटून, मुळं छाटून, काळ्या मातीच्या ट्रेमध्ये. दुसरं तसंच उपटून छाटून, पण विटांच्या मिश्रणात. तिसरं मातीच्या गड्ड्यासकट उचलून, मुळाला हात न लावता, साध्या कुंडीत काळ्याच मातीत. चौथं उपटलेलं नव्हतंच. त्याच वाफ्यातली फांदी मी तीन आठवडे आधी विटांच्या मिश्रणात खोचली होती, ती आता मुळं धरून उभी होती.

पहिलं सहाव्या दिवशी गेलं. दुसरं जगलं, पण खालची पानं पिवळी पडून गळली, कळ्या सुकल्या आणि नवा फुटवा यायला तीन आठवडे लागले. तिसरं हललं नाही. चौथ्याने तर ढुंकूनही पाहिलं नाही, वाढतच राहिलं.

चार झाडांवरून सिद्धांत मांडता येत नाही, एवढं कळतं मला. पण पुढच्या वर्षी पुन्हा केलं, तेव्हाही तसंच झालं. ट्रेमध्ये काळी माती मारत होती, आणि माती सुधारली तरी मुळांची छाटणी अर्धमेलं करत होती. मोठ्या झेंडूवर पानांचा भार तेवढाच ठेवून खालची अर्धी मुळं कापली तर पाणी ओढायचं कोणी? पानं कमी करायला शेंडेही त्याच दिवशी छाटले, तर नवी मुळं धरायला लागणारं अन्न कुठून यायचं? वडाकडे खोडात साठवलेली शिदोरी असते. झेंडूचं खोड रिकामी पिशवी आहे.

उपटू नका, उथळ भांड्यातच वाढवा

आता मी हे करते. आषाढात झेंडूच्या कळी नसलेल्या फांद्यांचे शेंडे घेते, साधारण चार ते पाच बोटं लांब. खालची पानं काढून टाकते, विटांच्या ओल्या तुकड्यांत दोन पेरं खोल खोचते, सावलीत. मुळं फुटावीत म्हणून लावतात ती संजीवक पावडर लागत नाही. दहा-पंधरा दिवसांत हलकं ओढून पाहिलं की धरून ठेवतात. बियांच्या रोपाला एक सोटमूळ सरळ खाली जातं आणि मग ते कापावं लागतं; फांदीच्या रोपाला सोटमूळच नसतं, मुळं कापाभोवती चहूबाजूंनी पसरतात, बोन्सायला हवीत तशीच.

त्यानंतर ते रोप थेट खापरात नाही. बांधकामाचं जुनं प्लॅस्टिकचं घमेलं घेते, तळाला भोकं पाडते, मध्ये फरशीचा तुकडा ठेवते आणि त्याच्यावर रोप लावून वीटमिश्रण भरते. घमेलं रुंद असल्यामुळे झाडाला भरपूर जागा मिळते आणि खोड जाड होतं. खाली फरशी असल्यामुळे मुळं आडवीच जातात. सुरुवातीपासून चिमुकल्या ट्रेमध्ये कोंडलं तर खोड काडीचं काडीच राहतं. जास्त पानं, जास्त जाड खोड, इतका सरळ हिशेब आहे. दीडेक महिन्यात मुळांचा भाकरीसारखा चपटा गड्डा तयार होतो. भाद्रपदात, ढगाळ संध्याकाळी, ती भाकरी न मोडता उचलायची आणि खापरात ठेवायची. कात्री कडेच्या लोंबत्या धाग्यांपुरतीच. उघडलेल्या कळ्या आणि फुलं त्या दिवशी काढून टाका. जीवावर येतं, पण काढा. पाच दिवस टोपल्याखाली किंवा हिरव्या जाळीखाली ठेवा. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालू नका. पुण्यात चालत असेल, आपल्याकडे आत झाड उकडतं.

बियाच लावायच्या असतील तर त्याही घमेल्यात फरशीवरच. रोप चार पानांच्या जोड्यांचं झालं की शेंडा खुडा. कपाशीचा शेंडा खुडल्यावर बाजूच्या फांद्या सुटतात हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं, झेंडूचं तेच.

जगलं, पण मनासारखं नाही

खोड बोडकं राहिलं आणि पानं फक्त वर, ही दुसरी तक्रार. झेंडू आणि झिनिया पान गळून गेलेल्या जुन्या जागेवरून सहसा फुटत नाहीत. म्हणून फांदी छाटताना कापाच्या खाली हिरव्या पानांची एक तरी जोडी ठेवाच, फुटवा त्या पानांच्या बगलेतून येतो. पूर्ण बोडकी फांदी छाटली तर ती काडी होऊन सुकते. कोलियस याबाबतीत गरीब आहे, कुठेही कापा, फुटतो. हात बसेपर्यंत कोलियसवर शिकावं असं मी नव्यांना सांगते.

तार गुंडाळताना फांदी मोडते. सकाळी मोडणारच, तेव्हा ती पाण्याने टच्च भरलेली असते. तार लावायची तर संध्याकाळी चारनंतर, झाड जरासं मलूल असताना, आणि एक मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार. आठवड्यात काढा, कारण ही खोडं इतक्या वेगाने जाड होतात की दहाव्या दिवशी तार आत रुतलेली असते. मी तर तार जवळजवळ सोडलीच आहे. कोवळ्या रोपाची कुंडी दोन दिवस आडवी निजवून ठेवली की शेंडा आपोआप वर वळतो. मग कुंडी सरळ करा, खोडाला सुंदर बाक आलेला असतो, आणि तो झाडाने स्वतः काढलेला असल्यामुळे खोटा दिसत नाही. तेरड्याचं खोड पाणीदार आणि ठिसूळ, त्याला हा एकच मार्ग आहे.

फुलं झाडापेक्षा मोठी दिसतात. पान थोडंफार लहान होतं, फूल होत नाही. उंच वाढणाऱ्या हजारी झेंडूचं फूल ट्रेमध्येही लाडवाएवढंच येणार. लहान फुलांचा जाफरीच घ्या. चिनी गुलाब, म्हणजे ऑफिस टाइम, लहान पानांमुळे फार शोभतो आणि पाण्याची हयगय सोसतो.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तेही नव्या पानांवर, आणि खापराच्या कडेला पांढरा मिठासारखा पापुद्रा? ते बोअरचं पाणी. त्यातल्या क्षारांमुळे मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवा, आणि ते संपल्यावर आठवड्यातून एकदा ट्रे भरपूर पाण्याने धुऊन निघेल असं पाणी द्या, क्षार खाली वाहून जातात. कृषी केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, मिळतं, पुडीवर लिहिल्याच्या निम्म्या प्रमाणात फवारा. युरिया मात्र ट्रेमध्ये चिमूटभरही नको. एक तर मुळं भाजतात, नाहीतर झाड लांबच लांब पेरांचं, लुकडं होतं आणि सगळा आकार जातो.

आणि फुलून झाल्यावर मेलं, याला इलाज नाही. झेंडूने बी धरलं की त्याच्या लेखी काम संपलं. सुकलेलं फूल खालच्या फुगीर भागासकट खुडत राहिलात तर महिना-दीड महिना लांबवता येतं. पाकळ्या नुसत्या ओढून उपयोग नाही, बी आत राहतं. मी दसऱ्याआधीच दोन फांद्या काढून विटांच्या तुकड्यांत लावून ठेवते, थंडीत त्यांची पाळी.

नावाला हंगामी

काही झाडं आपण हंगामी म्हणून लावतो, पण ती मुळात बहुवर्षायू असतात. यांना वरचे नियम थोडे सैल आहेत. मूळची मादागास्करची सदाफुली आपल्या उन्हाला सहसा डगमगत नाही, बुंधा दुसऱ्या वर्षी लाकडासारखा होतो. खानदेशात एकच झाड निवडायचं असेल तर मी सदाफुली निवडेन. तिचा वैरी ऊन नाही, पाऊस. झडीच्या दिवसांत शेंडे काळे पडून माना मोडल्या तर ती बुरशीची लागण, आणि ओल्या जागी ती फार वेगाने पसरते. आषाढ-श्रावणात सदाफुलीचं खापर पत्र्याच्या वळचणीला आत सरकवा.

मिरचीची तर गोष्टच वेगळी. नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरचीची झाडं हंगाम संपला की उपटून बांधावर टाकतात. त्यातलं एखादं अंगठ्याएवढ्या बुंध्याचं, पानं आकसवणारा चुरडा-मुरडा रोग नसलेलं निवडून मागून आणा, कोणी नाही म्हणत नाही. माघ-फाल्गुनात, उन्हं तापायच्या आधी, वरचा सगळा पसारा पहिल्या दोन फाट्यांपर्यंत कापा आणि मुळंही छाटा. इथे चालतं, कारण पानच ठेवलं नाही तर पाणी उडायचा प्रश्न नाही, आणि लाकूड झालेल्या बुंध्यात थोडी शिदोरी असते. सावलीत ठेवून माती जेमतेम ओलसर ठेवली की तीन-चार आठवड्यांत डोळे फुटतात. लवंगी मिळाली तर उत्तम, लहान उभ्या मिरच्या ट्रेमध्ये लाल झुंबरासारख्या दिसतात. वांग्याचं खोडवं, म्हणजे कापलेल्या झाडावर पुन्हा पीक, घेणाऱ्यांना वांग्याबद्दल सांगायला नको, तेही असंच पुन्हा फुटतं. फक्त भरताचं वांगं लावू नका. मी लावलं होतं. एक वांगं धरलं, आणि त्या वजनाने खापरासकट सगळं गच्चीवरून जिन्यात आलं. भरीत चांगलं झालं होतं.

कापसाचाही प्रयत्न केला, वातींसाठी अंगणात असतो तो देवकापूस. झाड म्हणून तो कित्येक वर्षं जगतो, पण सोटमूळ कापलेलं त्याला अजिबात सोसत नाही. लावायचाच तर बी फरशीवर, घमेल्यात, आणि कात्री लांब.

शेवंतीने मला वर्षभर छळलं. जपानमध्ये शेवंतीचं बोन्साय ही जुनी आवडती गोष्ट आहे, फांदी लावल्यापासून फूल येईपर्यंत एका वर्षात पुरं होतं. माझी शेवंती सगळं नीट करूनही फुलेना. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, नुसती हिरवीगार. खत कमी केलं, पाणी कमी केलं. शेवटी जानेवारीत लक्षात आलं की झाडाच्या कठड्याकडच्या अर्ध्या भागाला एकही कळी नाही आणि भिंतीच्या आडोशाच्या फांद्यांवर मात्र मोहरीएवढ्या कळ्या आहेत. गल्लीत नवा पांढरा दिवा लागला होता, त्याचा उजेड रात्रभर कठड्यावर पडत होता. शेवंतीला कळी धरायला लांब, सलग काळोखी रात्र लागते. रात्रभर दिव्याखाली ठेवलेल्या शेवंतीला वाटतं अजून उन्हाळाच चालू आहे. आता ऑगस्टअखेर शेवटची खुडणी झाली की तिचं खापर जिन्याच्या अंधाऱ्या बाजूला जातं, आणि कोणी रात्री जिन्यातला दिवा चालू ठेवला तर सासूबाईच आधी ओरडतात.